पोचम्माचा दहीभात

आमच्या घरात प्रसादाची एक रीत होती. कुणी हातावर ठेवला की 'नको' म्हणायचं नाही. उजवा हात पुढे करायचा, डावा त्याच्याखाली धरायचा, घरातल्यांची चौकशी करायची आणि तो तसाच जपून घरी आणायचा. घरी आला की आई दाराजवळच्या कोनाड्यात वाटीखाली झाकून ठेवी आणि संध्याकाळी इमामचाचांची शेळी गल्लीत परतली की तिला घाली. सोलापुरात वर्षभर कुणाचं ना कुणाचं काही असतंच. गणपतीचे मोदक, सत्यनारायणाचा शिरा, श्रावणातलं पुरण, सगळं त्या शेळीच्या पोटात गेलं आणि ती चांगली गुबगुबीत झाली होती. बाबा म्हणायचे, "या गल्लीत सगळ्या देवांना मानणारी ही एकटीच." आईला ते आवडायचं नाही. मूर्तीपुढचं खायचं नाही आणि शेजाऱ्याचं मन मोडायचं नाही, या दोन्ही गोष्टी तिला सारख्याच खऱ्या वाटायच्या आणि दोन्ही निभावायला तिला शेळी सापडली होती. पुढे आयुष्यभर मी या विषयावर बरीच प्रवचनं ऐकली, पण यापेक्षा बरा तोडगा कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

आमचं घर दोन खोल्यांचं. बाबा गिरणीत कारकून होते आणि मंडळीच्या पंचांपैकी एक. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. रविवारी गिरणीचा भोंगा वाजत नसे, म्हणून बाबा त्या दिवशी हटकून लवकर उठायचे आणि घसा साफ करून भजन म्हणायचे. एरवी भोंगा झाला की आई चुलीपुढून उठून प्रार्थना करायची आणि आमेन झाल्याशिवाय चहा मिळायचा नाही. तिची प्रार्थना लांबली की बाबा हळूच खोकायचे. भिंतीपलीकडे नरसम्मा राहायची. तिचा नवरा मागावर बसे, त्यामुळे आमचा दिवस त्या खटखटीवरच चाले. माग थांबला की आम्हाला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. नरसम्मा दारात पाय पसरून मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. तिच्या कात्रीचा आवाज, तंबाखूचा वास, तिचं निम्मं तेलुगू निम्मं मराठी बोलणं, आणि आमच्या घरी शेंगांची चटणी कुटली जात असली की भिंतीपलीकडून येणारी हाक, "वैनी, एवढं वास सोडून काय उपेग? वाटी पाटवा की!" आई वाटी पाठवायची. परत येताना तिच्यात चिंचेची आमटी असायची. नैवेद्य नसलेली वाटी कुठली आणि असलेली कुठली हे नरसम्मा आपण होऊन सांगायची. आमची रीत तिला ठाऊक होती आणि तिला तिचं काही वाईटही वाटत नसे.

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण एस्तेर, माझ्यापेक्षा बरीच मोठी. शाळेत शिक्षिका होती. मधली दोन भावंडं गेली, त्यामुळे मला कडेवर घेऊन फिरवलं ते तिनंच. माझ्या वेण्या तिच्या, माझं पाढ्यांचं पाठांतर तिचं, माझे धपाटेही तिचेच. ती फार बोलत नसे. चर्चमध्ये सगळ्यांना उभं राहून साक्ष द्यायची, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायची हौस. अक्का कधी उठली नाही. "जे हाय ते प्रभूला म्हाईत हाय, लोकांना कशाला सांगायचं?" असं ती एकदा मला म्हणाली होती. त्या वर्षी तिला नगरहून स्थळ आलं होतं. मुलगा शाळेत मास्तर, शांत, आणि एकदा भेटून गेल्यापासून अक्का त्याचा विषय निघाला की स्वयंपाकघरात निघून जायची. आम्हाला कळायचं की ती खूश आहे. त्याची आई प्रचारकाची विधवा, करारी बाई. घरात त्यांना सगळे 'नगरच्या बाई' म्हणत. बोलणी जवळजवळ पक्की झाली होती.

त्याच सुमारास मला टायफॉइड झाला आणि उलटला. मला त्यातलं फारसं आठवत नाही. ओल्या पंच्याचा गारवा आठवतो, साबुदाण्याची पेज आठवते आणि शुद्धीवर आले तेव्हा माझ्या खाटेभोवती गुडघे टेकलेली माणसं आठवतात. मंडळीनं माझ्यासाठी उपास धरला होता. आई तर पाण्याशिवाय काही घेत नव्हती. डॉक्टर रोज येऊन इंजेक्शन देत होते. मी वाचले. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना ऐकली गेली. नरसम्मा दारातूनच माझ्याकडे पाहून रडली आणि काहीच म्हणाली नाही.

बरी झाल्यावर माझे सगळे केस गळले. डोक्याला रुमाल बांधून मी बसलेली असे आणि येणारा प्रत्येक जण हात ठेवून म्हणे, "बेबी, प्रभूनं तुला काहीतरी कामासाठी राखलंय." चौदा वर्षांच्या मुलीला असं रोज सांगू नये. तिला ते खरं वाटतं. मला तर इतकं खरं वाटलं की मी चालायचीही हळूहळू, जपून, आपल्यात काहीतरी मौल्यवान आहे अशा थाटात. मी मोठ्यानं प्रार्थना करायला लागले. शब्द आपोआप यायचे. बायका डोळे पुसायच्या. पाळकसाहेबांनी आईला सांगितलं की पोरीला प्रार्थनेचं दान आहे. आईचा ऊर भरून आला आणि माझं डोकं फिरलं.

अशात एका मंगळवारी आईनं मला कोपऱ्यावरच्या दुकानात गूळ आणायला धाडलं. आजारानंतर मी पहिल्यांदाच एकटी बाहेर पडत होते. जाताना गल्लीच्या टोकाला पोचम्मा देवीचं लहानसं देऊळ लागे. तिथे बायका होत्या, उदाचा धूर होता, आणि पायरीजवळ नरसम्माच्या शेजारी मांडी घालून अक्का बसली होती. तिच्या कपाळाला हळद होती. पुढ्यात पानावर दहीभात होता आणि ती तो खात होती. नुसता तोंडाला लावत नव्हती, नीट कालवून, घास करून खात होती. नरसम्मा तिच्याकडे बघत होती आणि शेवटचा घास संपला तेव्हा तिनं अक्काच्या तोंडावरून हात ओवाळून बोटं मोडली.

मी गूळ न घेताच परत आले. संध्याकाळी अक्का आली तेव्हा तिचं कपाळ स्वच्छ धुतलेलं होतं. आईनं विचारलं, "कुटं गेली होतीस गं?" अक्का म्हणाली, "शाळेतच उशीर झाला." आमच्या घरात खोटं बोलणारं तोवर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी अक्काला विचारू शकत होते. ती माझ्याच अंथरुणावर झोपत होती, तिचा हात माझ्या अंगावर असायचा. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आणि मग माझ्यापाशी काही राहिलं नसतं.

शनिवारी संध्याकाळी घरी माझ्या जीवदानाबद्दल उपकारस्तुतीची सभा होती. नगरच्या बाई मुद्दाम आल्या होत्या; सभाही होईल आणि साखरपुड्याचा दिवसही ठरेल असा बेत होता. आईनं करंज्या केल्या होत्या, सणाचा मोठा डबा खाली काढला होता. सतरंजीवर माणसं दाटून बसली होती, बाकीची दारात. नगरच्या बाईंनी अक्काला शेजारी बसवून घेतलं होतं आणि तिचा हात हातात धरला होता. मला ते दिसत होतं. सभा माझी, आणि कौतुक अक्काचं चाललं होतं. भजन झालं, वाचन झालं. पाळकसाहेब म्हणाले, "आता बेबी प्रार्थना करील."

मी डोळे मिटले आणि सुरू झाले. आमच्या सभेत एक जण प्रार्थना करतो आणि बाकीचे मधून मधून "होय प्रभू" म्हणतात. ज्याला त्याची सवय लागली त्याला ठाऊक आहे, तो आवाज चढत गेला की जीभ थांबत नाही. मी आजारातून उठल्याबद्दल आभार मानले, होय प्रभू. डॉक्टरांबद्दल, उपास धरणाऱ्यांबद्दल; होय प्रभू. मग शब्द संपत आले आणि तो 'होय प्रभू'चा आवाज तर हवा होता. मी म्हणाले, "प्रभू, ज्या घरात तू मला जीव दिलास त्या घरात पाप शिरलंय. माझ्या अक्कानं पोचम्मापुढे बसून दहीभात खाल्ला. कपाळाला हळद लावली. आईशी खोटं बोलली. तिला अंधारातून बाहेर काढ, प्रभू." कुणी काही म्हणालं नाही. मला वाटलं, माणसं गहिवरली आहेत. म्हणून मी तेच आणखी एकदा, जास्त रडवेल्या आवाजात म्हणाले.

डोळे उघडले तेव्हा सगळ्यांचे डोळे आधीच उघडे होते. नगरच्या बाईंचे हात त्यांच्या स्वतःच्या मांडीवर होते. अक्का माझ्याकडे बघत होती. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिच्या तोंडावर नुसतं आश्चर्य होतं. करंज्या वाटल्या गेल्या, चहा झाला. जाताना बाई आईला म्हणाल्या, "सलाम. प्रार्थना चांगली करते हो तुमची धाकटी." त्या सरळ स्टेशनवर गेल्या आणि आठवड्याभरात पाळकसाहेबांच्या मार्फत निरोप आला की मुलाचा विचार सध्या लग्नाचा नाही.

त्या संध्याकाळी माणसं गेल्यावर आईनं अक्काला समोर बसवलं. "खरं हाय का हे?"

"व्हय."

"हौसेनं गेली होतीस?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं नाही. ती आईशीच बोलत राहिली. मी तापात बडबडत होते तेव्हा नरसम्मानं पोचम्माला नवस बोलला होता. पोर उठू दे, दहीभाताचा नैवेद्य करीन. आम्हाला न विचारता, आमच्यापैकी कुणाला न सांगता. मी उठले. नरसम्मा नैवेद्य करायला गेली तेव्हा तिला देवळात सांगण्यात आलं की ज्या घरातलं पोर वाचलं त्या घरातल्या कुणीतरी तिथे बसून खाल्लं पाहिजे, तरच नवस फिटतो. नाहीतर पोरावर उलटतो. नरसम्माची झोप उडाली. तिनं आईला विचारलं नाही, कारण आई नाही म्हणणार आणि मग उगीच दोन घरांत वाईटपणा येणार. तिनं अक्काला विचारलं.

"उलटतो बिलटतो मी मानत न्हाय, आई," अक्का म्हणाली. "पर ती मानते. बेबीला शिंक आली तरी ती रात्रभर बसून राहिली असती. तिनं आपल्या बेबीसाठी देवापाशी तोंड उघडलं. तिला मी काय सांगू, की तुझ्या नवसाचं बी शेळीला घालते म्हणून?"

आईनं पदर तोंडाला लावला. कुणासाठी रडत होती, मला कळलं नाही. मला एवढंच कळलं की तो दहीभात माझा होता. ज्या जिवाबद्दल मी इतक्या झोकात आभार मानले, त्याच जिवासाठी अक्कानं तो खाल्ला होता. मी तिथेच जमिनीत गेले असते तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

गोष्ट चारचौघांत बोलली गेली होती, तेव्हा ती पंचांपुढे येणं भाग होतं. पाळकसाहेब भले माणूस होते. त्यांनी घरी येऊन अक्काला समजावलं, "बाई, प्रभुभोजनाच्या आधी मंडळीपुढे उभी राहा. एक वाक्य बोल, माझी चूक झाली म्हणून. आम्ही सगळे आमेन म्हणू. विषय संपला." बाबा कोपऱ्यात बसले होते, पंच म्हणून आणि बाप म्हणून.

"साहेब, खोटं बोलले त्याची क्षमा मागते," अक्का म्हणाली. "आईची मागितली, मंडळीची मागते. खाल्लं त्याची न्हाय मागत."

"का गं?"

"उद्या नरसम्माच्या कानावर जाईल की टीचरनं तिच्या नवसाबद्दल माफी मागितली. मग ती कुणासाठी काय मागंल पुन्हा?"

कानावर ते आधीच गेलं होतं. भिंत एवढीशी. दुसऱ्या दिवशी सकाळी नरसम्मा डोक्यावरून पदर घेऊन आमच्या दारात उभी. हातांना तंबाखू तशीच. "वैनी, टीचरचं चूक न्हाय. मी नेलं. माजं चूक हाय. तुमच्या देवळात मी येते. तुमच्या साहेबाला मी सांगते, गुडघे टेकून सांगते. मला तेवडं दाखवा फक्त, कुटं उबं ऱ्हायाचं." आईनं तिला आत ओढलं आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी आतल्या खोलीत होते. बाहेर जाऊन मी तिच्या पाया पडायला हवं होतं. आमच्यात कुणाच्या पाया पडत नाहीत, हे कारण मला त्या वेळी फार सोयीचं वाटलं.

प्रभुभोजनाच्या रविवारी अक्कानं उभं राहून खोटं बोलल्याबद्दल क्षमा मागितली आणि खाली बसली. पंच आणखी वाक्याची वाट बघत राहिले. ते आलं नाही. तेव्हा पंचांनी आधीच ठरवल्याप्रमाणे तिला भोजनातून वगळलं, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर तिला घ्यायची नव्हती. त्याच रविवारी मला मंडळीत सामील करून घेतलं होतं, माझं ते पहिलं प्रभुभोजन. पांढरा फ्रॉक अक्कानंच शिवला होता, सभेच्या आधी. बायकांच्या बाजूला आम्ही एका बाकावर, ती कडेला आणि मी तिच्या आतल्या बाजूला. आमच्याकडे भाकरीचं ताट बाकाच्या कडेपासून हातोहात आत जातं. आमच्या रांगेला बाबा ताट घेऊन आले. त्यांना दुसऱ्या टोकानं सुरुवात करता आली असती. पुढे कित्येक वर्षं ते तसंच करत. पण त्या दिवशी त्यांना सुचलं नाही, किंवा पाय वळले नाहीत. त्यांनी ताट अक्कापुढे धरलं. अक्कानं ते दोन्ही हातांनी घेतलं, त्यातला तुकडा घेतला नाही, आणि वळून माझ्यापुढे धरलं.

मी हात पुढे करेना. मागचा बाक थांबला होता, बाबा थांबले होते. तेव्हा अक्का फार हलक्या आवाजात, वेण्या घालताना 'मान हलवू नको' म्हणायची त्या सुरात म्हणाली, "घे गं. लोक बघायलेत." मी घेतलं. तोंडात तो तुकडा फिरत राहिला, गिळता येईना. जिला भोजनातून वगळायला हवं होतं ती मी खात होते आणि जिनं माझ्यासाठी खाल्लं ती ताट धरून बसली होती. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा इतकं सुद्धा सुचलं नव्हतं.

नगरचं स्थळ गेलं, त्यानंतर आलेली दोन-तीन अक्कानंच परतवली. मी लग्न होऊन पुण्याला गेले. ती त्याच घरात राहिली, शाळेत शिकवत राहिली, दर रविवारी चर्चला जात राहिली. पुढे नवे पाळक आले, त्यांना जुनी गोष्ट ठाऊक नव्हती, आणि एका रविवारी ताट पुढे आलं तेव्हा तिनं तुकडा घेतला. मला हे आईच्या बोलण्यातून कळलं. अक्कानं मला त्या शनिवारबद्दल एकदाही काही विचारलं नाही. मीही क्षमा मागितली नाही. आधी लाज वाटायची, मग उशीर झाला, मग वाटलं की ती विसरली असेल. माणूस स्वतःला काय काय समजावतं! मात्र त्या दिवसापासून मी मोठ्यानं प्रार्थना केलेली नाही. कुणी म्हणालं की मी घसा दाखवते. सासरी सगळ्यांची समजूत आहे की मी फार मुखदुर्बळ बाई आहे.

गेल्या उन्हाळ्यात अक्काच्या मांडीचं हाड मोडलं आणि ऑपरेशन ठरलं. मी सोलापूरला गेले. तिला आत न्यायच्या आधी नर्स कागदपत्रं बघत होती, आम्ही दोघीच होतो. तिचा हात हलका झालाय, नुसती कातडी. ती म्हणाली, "बेबी, प्रार्थना कर."

मी तिचा हात धरला, डोळे मिटले आणि मनात सुरुवात केली.

"मोठ्यानं कर की," अक्का म्हणाली. "मनातलं मला कसं ऐकू यायचं?"

मी तोंड उघडलं. "प्रभू, माझी अक्का..." एवढं म्हणाले आणि पुढे शब्दच नाहीत. एकेकाळी आपोआप यायचे. मी थांबले, पुन्हा म्हणाले, "माझी अक्का," आणि नुसती रडत राहिले. तिनं थोडा वेळ वाट पाहिली.

"बास," ती म्हणाली. "आता पुढं काही बोलू नको." आणि माझ्या वतीनं तिनंच आमेन म्हटलं.

तिनं मला क्षमा केली की गप्प केलं, ते मला विचारता आलं नाही. तोवर ट्रॉली आली होती.